जुनी डाइव्ह घड्याळे : अस्सल भाग ओळखायचे कसे?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्स या लिलावसंस्थेने ओमेगा कंपनीचे १९५७ सालचे एक स्पीडमास्टर घड्याळ विक्रीस काढले. मूळची काळी तबकडी कालौघात तपकिरी झालेले हे घड्याळ ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेले. ओमेगाच्या कोणत्याही घड्याळाला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. खरेदीदार होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय. दीड वर्षानंतर, जून २०२३ मध्ये, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले असल्याचे ओमेगानेच जाहीर केले. त्यातील बहुतेक भाग अस्सल होते. मात्र ते एकाच घड्याळाचे नव्हते. या व्यवहारात आपल्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचेही कंपनीने सांगितले.

स्पीडमास्टर हे काही पाण्याखाली वापरायचे घड्याळ नव्हे. तथापि जुन्या डाइव्ह घड्याळांचा, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेल्या मनगटी घड्याळांचा संग्रह करणाऱ्यांना या प्रकरणाने अस्वस्थ केले. ज्या कंपनीने घड्याळ घडवले तिचेच संग्रहालय फसू शकते, तर निवृत्तीच्या पैशातून एखादे जुने सेको वा टुडोर घेऊ पाहणाऱ्या हौशी माणसाने कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यामागे होता.

डाइव्ह घड्याळांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र आहे. ही घड्याळे दागिना म्हणून नव्हे, तर हत्यार म्हणून जन्माला आली. १९५३ साली ब्लाँपाँ कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' तयार झाले ते फ्रेंच नौदलातील लढाऊ पाणबुड्यांच्या मागणीनुसार. पथकाचे अधिकारी रॉबेर मालूबिए आणि क्लोद रिफो यांनी आपल्या गरजा कागदावर मांडल्या होत्या : काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठळक आकडे आणि वेळ मोजण्यासाठी फिरते कडे. रोलेक्सचे 'सबमरिनर' त्याच सुमारास आले. ओमेगाचे 'सीमास्टर ३००' १९५७ मध्ये, तर सेकोचे पहिले डाइव्ह घड्याळ १९६५ मध्ये बाजारात आले. खारे पाणी, ऊन आणि खडकांवरची आदळआपट सोसणाऱ्या या घड्याळांचे काच, कडे, काटे, चावी असे भाग वरचेवर बदलावे लागत. ज्यांनी ते बदलले त्यांना पन्नास वर्षांनी कोणी ही घड्याळे भिंग लावून तपासेल, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

अस्सल आणि मूळचा

संग्राहकांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात आणि त्यांतील फरक न कळल्यानेच बहुतेक फसगती होतात. एक 'अस्सल' आणि दुसरा 'मूळचा'. कंपनीने बनवलेला कोणताही भाग अस्सल होय. पण कारखान्यातून घड्याळ बाहेर पडले तेव्हा जो भाग त्यात होता, तोच मूळचा. उदाहरणार्थ, १९६८ चे सबमरिनर १९९५ मध्ये अधिकृत सेवाकेंद्रात दुरुस्तीला गेले आणि तेथे जुनी तबकडी काढून नवी बसवली गेली, तर ती तबकडी शंभर टक्के अस्सल असूनही मूळची नव्हे. तिला 'सर्व्हिस डायल' म्हणतात. एकाच घड्याळाची किंमत अशा तबकडीमुळे लक्षणीय घटू शकते.

याखेरीज तिसराही प्रकार आहे. भाग अस्सल आहे, त्याच काळातील आहे, पण दुसऱ्या घड्याळातून काढलेला आहे. हा प्रकार ओळखणे सर्वांत कठीण. जिनिव्हातील घड्याळाची गोष्ट याच प्रकारात मोडते. त्यानंतर येतात ते बाहेरच्या कारखान्यांनी बनवलेले सुटे भाग, आणि शेवटी निव्वळ बनावट माल. विशेष म्हणजे या शेवटच्या प्रकाराची फारशी भीती अनुभवी संग्राहकांना वाटत नाही, कारण तो बहुधा पहिल्या नजरेतच ओळखू येतो.

सेवाकेंद्रांना दोष देणेही योग्य ठरणार नाही. पाण्याखाली जाणाऱ्या माणसाचा जीव ज्या यंत्रावर अवलंबून आहे ते चोख आणि जलरोधक करून परत देणे, एवढेच त्यांचे काम होते. पिवळटलेली तबकडी बदलून पांढरीशुभ्र देणे हा त्यांच्या दृष्टीने ग्राहकावर केलेला उपकारच होता.

तबकडीच्या तळाशी लिहिलेले सत्य

जुन्या डाइव्ह घड्याळाचे अर्ध्याहून अधिक मोल तबकडीत असते, असे जाणकार मानतात. त्यामुळे तपासणीची सुरुवात तिच्यापासून करणे हिताचे. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे.

प्रथम पाहायचा तो तबकडीचा अगदी तळ, सहाच्या आकड्याखालची अतिसूक्ष्म अक्षरे. अंधारात चमकण्यासाठी आधी रेडियमचा वापर होत असे. रेडियमचे किरणोत्सर्जन घातक असल्याने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्याची जागा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियम वापरलेल्या स्विस तबकड्यांवर 'टी स्विस टी' किंवा 'स्विस – टी < २५' अशी खूण येऊ लागली. दुसऱ्या खुणेचा अर्थ, किरणोत्सर्जन २५ मिलिक्युरीहून कमी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ट्रिटियमही मागे पडले आणि ल्युमिनोव्हा हे किरणोत्सारी नसलेले द्रव्य आले. त्यानंतरच्या रोलेक्स तबकड्यांवर काही काळ केवळ 'स्विस' आणि पुढे 'स्विस मेड' असे छापले गेले.

आता एक सापळा लक्षात घ्यावा. केवळ 'स्विस' हा शब्द रेडियमच्या काळातील तबकड्यांवरही आहे आणि १९९८-९९ च्या तबकड्यांवरही. १९६५ चे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या घड्याळावर तळाशी नुसते 'स्विस' दिसले, तर विक्रेता त्याला दुर्मिळ संक्रमणकाळातील तबकडी म्हणेल; प्रत्यक्षात ती तीस वर्षांनंतरची सर्व्हिस डायल असण्याचा संभव अधिक. संक्रमणकाळातील तबकड्याही खरोखरच आहेत. १९६३ च्या आसपासच्या काही रोलेक्स आणि टुडोर तबकड्यांवर मजकुराखाली एक छोटी आडवी रेघ आढळते. रेडियम सोडल्याची ती खूण असावी, असे संग्राहक मानतात. अशा रेघेला मोठी किंमत मिळते आणि म्हणून ती रेघ नंतर छापूनही घेतली जाते.

खरेखोटे करण्याचा सोपा उपाय अंधाऱ्या खोलीत सापडतो. तबकडीवर काही क्षण प्रखर विजेरी धरावी आणि मग ती विझवावी. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने १९७० च्या घड्याळातील ट्रिटियम आता सोळाव्या हिश्शाहूनही कमी उरले आहे. अशी तबकडी क्षणभर मंद उजळते आणि चटकन विझते, किंवा उजळतच नाही. ती हिरवीगार होऊन बराच वेळ चमकत राहिली, तर तीवरचे द्रव्य अलीकडचे आहे हे निश्चित समजावे. रेडियमची गोष्ट निराळी. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. रेडियमच्या किरणांनी त्यातील चमकणारे गंधकयुक्त द्रव्य केव्हाच जळून गेलेले असते, म्हणून तबकडी विझलेली दिसते. पण गायगर गणक जवळ नेताच तो कडकडू लागतो. असे घड्याळ स्वतः उघडण्याचा मोह टाळावा. सुटलेले रेडियमचे कण श्वासावाटे शरीरात जाणे धोक्याचे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या कामगार मुलींनी त्याची किंमत प्राणांनी मोजली होती.

काट्यांवरील द्रव्य आणि तबकडीवरील द्रव्य यांचा रंग साधारण एकाच जातकुळीचा असावा. तबकडीवरील ठिपके भोपळ्याच्या रंगाचे आणि काटे पांढरेफटक, असे दिसल्यास त्यांतील एक भाग नंतरचा आहे. अर्थात हा नियमही लवचीक आहे. काटा आणि तबकडी बहुधा वेगळ्या कारखान्यांत तयार होत, द्रव्याचे मिश्रण थोडे वेगळे असे, आणि त्यामुळे रंगात किंचित फरक पडू शकतो. उलट दोन्हींचा रंग अगदी एकसारखा, डोळ्यांत भरेल असा मलईदार असेल, तर ते कोणीतरी नव्याने रंगवले असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

अक्षरांची छपाई हा आणखी एक पुरावा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सबमरिनरच्या चकचकीत काळ्या तबकडीवरील सोनेरी अक्षरे वरून छापलेली नसत. अक्षरांची जागा सोडून उरलेल्या भागावर काळा थर दिला जाई आणि खालचे पितळच अक्षर होऊन दिसे. भिंगातून पाहिल्यास अशी अक्षरे लाखेच्या आत बुडालेली दिसतात. नव्याने रंगवलेल्या तबकडीवर ती वर उठून आलेली, कडा जाडसर झालेली दिसतात. नंतरच्या निस्तेज काळ्या तबकड्यांवर पांढरी छपाई आली. खोलीचा आकडा आधी 'मीटर' व मग 'फूट' असा असे. १९७० च्या सुमारास हा क्रम उलटला. ५५१३ या क्रमांकाचे सबमरिनर १९६२ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. साहजिकच एकाच क्रमांकाच्या घड्याळात तबकड्यांचे अनेक प्रकार आढळतात आणि प्रत्येकाचा कालखंड घड्याळाच्या अनुक्रमांकाशी जुळला पाहिजे. रोलेक्सच्या या पिढीत तो अनुक्रमांक पट्टा काढल्यावर सहाच्या बाजूला, दोन टोकांच्या मध्ये कोरलेला दिसतो. त्या अंकांच्या कडा तीक्ष्ण आहेत की वारंवार पॉलिश करून बोथट झाल्या आहेत, हेही तेथेच पाहून घ्यावे.

कडे, काच आणि चावी

फिरत्या कड्यावरील ॲल्युमिनियमची रंगीत चकती उन्हाने आणि समुद्राने फिकी पडते. काळी चकती राखाडी होते, निळी आकाशी. हा फिकटपणा संग्राहकांना इतका प्रिय आहे की नव्या चकत्या ब्लीचमध्ये बुडवून म्हाताऱ्या केल्या जातात. नैसर्गिक फिकटपणा सहसा असमान असतो, आणि त्याच्या जोडीला ओरखडेही असतात. चकती धुरकट झाली पण तिच्यावर एकही ओरखडा नाही, हे समुद्रात वावरलेल्या घड्याळाच्या बाबतीत पटण्यासारखे नाही.

जुन्या ५५१३ चे कडे दोन्ही दिशांना फिरते. पुढे एकाच दिशेने फिरणारी कडी आली, कारण धक्का लागून कडे सरकलेच तर पाणबुड्याला उरलेला वेळ प्रत्यक्षाहून कमी दिसावा, जास्त नव्हे. तेव्हा ५५१३ वर एकदिशा कडे आढळले तर ते नंतरचे. काचेचेही तसेच. या घड्याळांवर प्लास्टिकची फुगीर काच असे. नीलमणी काच रोलेक्सच्या डाइव्ह घड्याळांत १९७० च्या दशकाच्या अखेरीनंतर आली. काच आणि चावी झिजणारच, त्यामुळे त्या बदललेल्या असणे हा फार मोठा दोष मानू नये. मात्र रोलेक्सची तीन ठिपक्यांची 'ट्रिपलॉक' चावी १९७० मध्ये आली, आणि १९६२ च्या घड्याळावर ती दिसत असूनही विक्रेता 'सर्व काही मूळचे' असे छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या इतर विधानांकडेही त्याच दृष्टीने पाहावे.

सैन्याच्या नावाने

सर्वांत मोठी फसवणूक सैनिकी घड्याळांत होते. १९७० च्या दशकात ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने रोलेक्सकडून घेतलेली सबमरिनर घड्याळे नागरी घड्याळांहून कितीतरी महाग विकली जातात. तबकडीवर वर्तुळात 'टी' हे अक्षर, तलवारीच्या आकाराचे काटे, साठही मिनिटांच्या खुणा असलेले कडे, पट्टा निसटू नये म्हणून कायमच्या जोडलेल्या भरीव दांड्या आणि मागच्या झाकणावर रुंद बाणाचे चिन्ह, ही त्यांची लक्षणे. यांतील प्रत्येक लक्षण साध्या ५५१३ वर उतरवता येते. दांड्या डाग देऊन जोडता येतात, बाण कोरता येतो. फ्रेंच नौदलाच्या टुडोर घड्याळांवरील 'एम. एन.' ही अक्षरे आणि वर्षाचे दोन अंक यांची कथाही याहून निराळी नाही. ब्लाँपाँच्या ज्या तबकडीवर किरणोत्सर्जनाच्या चिन्हावर फुली मारून 'किरणोत्सर्जन नाही' असे लिहिलेले असते, तिच्याही नकला निघाल्या आहेत. म्हणूनच सैनिकी घड्याळ घेताना घड्याळापेक्षा कागदाला महत्त्व येते : ते कोणाला दिले गेले, कोणाकडून आले, मधल्या वर्षांत कोठे होते.

कागदांबाबत सर्व कंपन्यांचे धोरण सारखे नाही. लाँजीनसारख्या काही कंपन्या आपल्या जुन्या नोंदवह्यांत शोध घेऊन घड्याळ केव्हा व कोठे पाठवले गेले ते सांगतात. रोलेक्स अशी माहिती सर्वसामान्यांस देत नाही. आणि नोंदवहीतील उतारा मिळाला तरी तो यंत्राच्या अनुक्रमांकापुरताच बोलतो. तबकडी, काटे वा कडे त्या घड्याळाचेच आहेत किंवा कसे, याविषयी तो मौन बाळगतो.

कपाटातले सेको

भारतीय वाचकाच्या हाती रोलेक्सपेक्षा सेको येण्याची शक्यता कितीतरी अधिक. १९७० आणि ८० च्या दशकांत आखाती देशांत नोकरीसाठी गेलेल्या अनेकांनी, त्यांत कोकणातील घरेही आली, परतताना सेको घड्याळे आणली. वाराच्या खिडकीत इंग्रजीबरोबर अरबी वारही दिसणारी अशी घड्याळे आजही घराघरांत सापडतात. त्यांत एखादे डाइव्ह घड्याळ असेल तर त्याची पारख करणे तुलनेने सोपे आहे, कारण सेकोने आपल्या घड्याळांवर बरीच माहिती स्वतःच लिहून ठेवली आहे.

मागच्या झाकणावर '६३०९-७०४०' यासारखा क्रमांक असतो. पहिले चार अंक यंत्राचे, पुढचे चार केसचे. तबकडीच्या तळाशी असलेल्या बारीक संकेतातील पहिले चार अंकही यंत्राच्या अंकांशी जुळावे लागतात. झाकणावरील अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी अनुक्रमे 'ओ', 'एन' आणि 'डी' ही रोमन अक्षरे वापरली आहेत. अडचण एवढीच की दशक लिहिलेले नसते. ६३०९-७०४० हे घड्याळ १९७६ पासून १९८८ पर्यंत बनले. तेव्हा '७एन' म्हणजे नोव्हेंबर १९७७ की नोव्हेंबर १९८७, हे इतर खुणांवरूनच ठरवावे लागते.

'अपोकॅलिप्स नाऊ' या १९७९ च्या चित्रपटात कॅप्टन विलर्डच्या मनगटावर दिसलेले ६१०५ हे सेको त्याहून जुने आणि त्याहून महाग. त्याच्या आरंभीच्या तबकड्यांवर 'वॉटर प्रूफ' असे शब्द आहेत, तर १९७० च्या आसपास त्यांची जागा 'वॉटर रेझिस्ट' या सावध शब्दांनी घेतली. तबकडी एक बोलते आणि झाकण दुसरे, असे झाल्यास दोन घड्याळांचा संकर झाला आहे काय, ते तपासावे. बदलाच्या नेमक्या महिन्यांतील घड्याळांत मात्र असा विसंवाद कारखान्यातूनही आलेला असू शकतो. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत चारच्या जागी असलेल्या चावीवर 'लॉक' हा शब्द व बाण आहे. साधी चावी दिसली तर ती बदललेली.

६३०९ साठी तबकड्या, काटे, कड्याच्या चकत्या हे सारे नव्याने बनवून विकले जाते आणि ते स्वस्तही असते. परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. जुन्या सेको, एचएमटी वा फावर-ल्यूबा घड्याळांवर भडक रंगाच्या ताज्या तबकड्या छापून ती परदेशात विकली गेली, त्यावरून हा शब्द आला. मुंबईच्या चोरबाजारात किंवा अन्यत्र बसणाऱ्या जाणत्या घड्याळजींना तो बोचतो आणि ते स्वाभाविकच आहे. जी यंत्रे भंगारात गेली असती ती त्यांनी चालती ठेवली. फसवणूक तबकडी रंगवण्यात नाही, रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकण्यात आहे.

वडिलांचे वा आजोबांचे घड्याळ दुरुस्तीला देताना कारागिराला तीन गोष्टी आधी सांगाव्यात, शक्य तर लिहून द्याव्यात : केस पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, आणि जो भाग बदलणे अटळ असेल तो जुना भाग परत द्यावा. तो कितीही गंजलेला असो, कागदाच्या पुडीत बांधून घड्याळासोबत ठेवावा. रबरी वॉशर मात्र निःशंक बदलावेत, त्यांनी मोल घटत नाही. आणि त्यानंतरही, झाकणावर '१५० मीटर' असे कोरलेले असले तरी, अशा घड्याळासह समुद्रात उतरू नये. पन्नास वर्षांच्या केसच्या कडा आतून खाल्ल्या गेलेल्या असतात, नवा वॉशर त्यांवर घट्ट बसेलच असे नाही, आणि आत शिरलेले खारे पाणी मूळची तबकडी काही तासांत खराब करू शकते.